अत्यानंद नको, हरीख लिहा

“ताई, तितं हरीख लिवा. आमाला लई हरीख झालाय.”

स्टुलावर बसलेले आजोबा हे तिसऱ्यांदा सांगत होते. शेजारी उभा असलेला त्यांचा मुलगाही तिसऱ्यांदा म्हणत होता, “ताई, तुम्ही त्यांचं ऐकू नका. अत्यानंद टाका, जरा मोठ्या अक्षरात.” आजोबांची नात पोलीस भरतीत निवडली गेली होती. गावात सत्कार ठरला होता आणि त्यासाठी दोनशे पत्रिका हव्या होत्या. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाचं म्हणणं होतं, हरीख अडाणी वाटतं, चार मोठी माणसं पत्रिका वाचणार. मला ते पटलं. पत्रिकेत छापलं, ‘कळविण्यास अत्यानंद होत आहे की’.

प्रूफ काढून आजोबांच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत होतं, पण बोट ठेवून. बोट सरकत सरकत नातीच्या नावावर आलं आणि तिथंच थांबलं. नावापुढं ‘महिला पोलीस शिपाई’ असं छापलेलं होतं. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सदऱ्याची बाही वर करून त्यांनी हात माझ्यापुढं धरला. उन्हानं रापलेला, शिरा वर आलेला हात. त्यावरचे पांढरे केस एकूण एक उभे राहिले होते. “हे बगा ताई,” ते म्हणाले, “काटा.”

त्या हातावर जे दिसत होतं त्याचंच नाव हरीख. आणि मी ते नाव पाच मिनिटांपूर्वी त्यांच्या पत्रिकेतून काढून टाकलं होतं. तेव्हा मला हे कळलं नाही. कळलं ते नंतर, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही म्हणून आज लिहिते आहे.

मी कऱ्हाडात छपाईचा धंदा करते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1963 मध्ये एक जुनं ट्रेडल मशीन घेऊन तो सुरू केला. लग्नाच्या पत्रिका, बारशाची कार्डं, हळदीकुंकवाची निमंत्रणं, सप्ताहाची हँडबिलं, सोसायटीचे अहवाल, उत्तरकार्याची पत्रं असं सगळं काम. शाळेतून आल्यावर मी खिळे पुन्हा केसमध्ये टाकायचे. छापून झालेला मजकूर सोडवायचा आणि प्रत्येक अक्षर आपापल्या खणात परत घालायचं, हे माझं काम. त्यामुळे कोणता शब्द किती वेळा लागतो ते मला डोक्यानं कळायच्या आधी बोटांनी कळलं. ‘आनंद’ रोज लागायचा. ‘हर्ष’ क्वचित. आमच्याकडे रफाराचा खिळा झिजला होता, कागदावर नीट उमटायचा नाही, ‘हर्ष’चं ‘हष’ व्हायचं. अण्णा म्हणायचे, “नवा टाईप येईपर्यंत आनंदच जुळव.” मुंबईहून नवा टाईप आला तोवर गिऱ्हाइकांनाही आनंदाचीच सवय झाली होती. पुढे 1996 मध्ये कॉम्प्युटर आला, श्री-लिपी आली, रफार पाहिजे तितके मिळायला लागले. पण मजकूर तोच राहिला. आता तर जुनीच फाइल उघडायची, नावं बदलायची, तारीख बदलायची आणि ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे’ जिथल्या तिथं ठेवायचं.

आनंद या शब्दाशी माझं भांडण नाही. मोठा शब्द आहे तो. तैत्तिरीय उपनिषदात आनंद मोजायचा एक सुंदर हिशेब आहे. तरुण, शिकलेला, धडधाकट माणूस घ्या, धनानं भरलेली सगळी पृथ्वी त्याची आहे असं धरा. त्याला होतो तो माणसाचा एक आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असं करत करत हिशेब पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती यांच्यावरून ब्रह्मापर्यंत पोचतो. ज्या शब्दाला एवढी उंच शिडी लावलेली आहे, तो आपण ‘कंपाउंड वॉलच्या उद्घाटनाचे निमंत्रण देताना आनंद होत आहे’ असा वापरतो. मग तो पुरत नाही. पुरत नाही म्हणून आधी ‘अति’ लावतो, मग ‘अत्यंत’, मग ‘प्रचंड’. शब्द पातळ झाला की त्यात विशेषणं ओतायची, ही आपली रीत झाली आहे. आमटी पातळ झाली म्हणून तिखट वाढवावं तसं हे. जीभ भाजते, आमटी दाट होत नाही.

हर्ष या शब्दाची जात वेगळी आहे. तो ‘हृष्’ या धातूपासून आला, आणि त्या धातूचा पहिला अर्थ सुख असा नाहीच. केस उभे राहणं, ताठ होणं हा तो अर्थ. रोमहर्ष म्हणजे अंगावरचे रोम उभे राहणं. केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो, आणि तो आखडणं आपल्या हातात नसतं. थंडीनं होतं, भीतीनं होतं, फार सुखानंही होतं. आपल्या पूर्वजांनी ही खूण पकडली आणि सुखाच्या त्या एका प्रकाराला नाव दिलं. जे सुख अंगावर दिसतं, लपवता येत नाही आणि ठरवून आणता येत नाही, ते हर्ष.

याच मुळाचा एक नातेवाईक सातासमुद्रापार आहे. लॅटिन भाषेत केस ताठ उभे राहणं या अर्थाचं एक क्रियापद होतं. त्यावरून हॉरर हा शब्द आला, ज्या नावाचे सिनेमे पाहून पोरं रात्री दिवा लावून झोपतात. भाषेचे अभ्यासक त्या क्रियापदाला आणि आपल्या ‘हृष्’ला एकाच मुळाचे मानतात. खूण एकच, अंगावरचा काटा. तिकडे तो शब्द भीतीकडे गेला, आपल्याकडे सुखाकडे वळला. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून आजोबांचा तो हात आठवत बसले.

आपल्याकडेही तो सरळ सुखाकडे गेला असं नाही. गीता उघडून पाहा. पहिल्या अध्यायात अर्जुन समोर आपलीच माणसं पाहतो. त्याचे हातपाय गळतात, तोंड कोरडं पडतं, अंग कापतं आणि रोमहर्ष होतो. हा काटा दुःखाचा आणि धसक्याचा. अकराव्या अध्यायात विश्वरूप दिसल्यावर त्याच अर्जुनाला ‘हृष्टरोमा’ म्हटलं आहे. इथं भीती आणि अचंबा एकमेकांत मिसळलेले आहेत. आणि अठराव्या अध्यायाच्या अगदी शेवटी, सगळं सांगून झाल्यावर, संजय स्वतःबद्दल बोलतो. हा संवाद आणि ते विश्वरूप आठवून आठवून मला हर्ष होतो, असं तो लागोपाठ दोन श्लोकांत म्हणतो. भीतीनं उभा राहिलेला केस अठरा अध्यायांनी सुखानं उभा राहिला. मधे बाराव्या अध्यायात हर्ष, अमर्ष, भय आणि उद्वेग यांतून सुटलेला भक्त देवाला प्रिय असतो, असंही सांगितलं आहे. सांगितलं ते बरोबरच असेल. पण शेवटचा शब्द संजयाकडे आहे, आणि संजय हरखलेला आहे.

ज्ञानेश्वरांनी या संजयावर फार माया केली. आमच्या पेठेतल्या देवळात दरवर्षी सप्ताह असतो. त्याची हँडबिलं मीच छापते आणि संध्याकाळी कीर्तनाला जाऊन बसते. एका वर्षी बुवांनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा शेवट लावला होता. संजय सांगतो आहे आणि धृतराष्ट्र ऐकतो आहे. म्हातारा कसा, तर पुराचं पाणी अंगावरून चाललं तरी न उठणाऱ्या रेड्यासारखा, ढिम्म. आणि त्याच्यासमोर संजयाची अवस्था काय, तर चित्त थबकलेलं, वाचा जागच्या जागी पांगळी झालेली, डोळे अर्धे मिटलेले आणि त्यांतून आनंदाचं पाणी वाहतंय, आतल्या सुखाच्या लाटांनी अंग बाहेरून कापतंय. आणि पायापासून वर रोमांचांचा अंगरखा चढलेला! शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात सांगितलेल्या ग्रंथात हे आहे. काटा अंगावर येतो असं आपण सगळेच म्हणतो. काटा अंगभर ल्यायला मिळतो, हे ज्ञानेश्वरांनी दाखवलं. बुवा हे सांगत असताना माझ्या पुढं बसलेल्या एका बाईंनी नकळत आपला दंड चोळला. मी माझाही चोळत होते.

शास्त्रकारांनी या लक्षणांना अष्टसात्त्विक भाव म्हटलं. स्तंभ, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, रंग उतरणं, अश्रू आणि शेवटी भान जाणं. वारकऱ्यांच्या बोलण्यात तो शब्द अजून आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हर्षाला तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये बसवलं. व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारा, मुक्कामाला न राहणारा. हे वर्गीकरण मला पटतं. हर्ष राहायला येत नाही. तो येतो, अंगाला हात लावतो आणि जातो. म्हणून तो आला त्या घटकेला त्याला त्याच्या नावानं हाक मारायला हवी.

आणि ते नाव बोलीत आपल्याकडे होतं. हर्षाचा हरीख झाला. संस्कृतातला ‘ष’ बोलताना ‘ख’ होतो. विषाचं विख झालं आणि त्यातून विखार आला, हिंदीत वर्षेची बरखा झाली, तसंच हे. हरीख अडाणी मुळीच नाही. जुन्या मराठी काव्यातून तो आपल्या आज्यांच्या तोंडी आला आणि तिथंच राहिला. त्याचं क्रियापद आहे हरखणं, आणि ते तर अजून जिवंत आहे. पोर हरखली, म्हातारी हरखून गेली, बैलजोडी पाहून गडी हरखला. नुसतं उच्चारून पाहा, त्यात एक दचकल्यासारखी हालचाल आहे. ‘आनंद झाला’ म्हणताना आनंद हा कर्ता असतो आणि माणूस कोपऱ्यात उभा असतो. ‘हरखली’ म्हटलं की अख्खं माणूस समोर येतं.

माझा दहावीचा निकाल 1982 चा. तेव्हा निकाल वर्तमानपत्रात छापून यायचा, बैठक क्रमांकांचे रकानेच्या रकाने. अण्णांनी चष्मा पुसून माझा क्रमांक शोधला. सापडल्यावर वर्तमानपत्राची घडी घातली, आत गेले आणि भरदिवसा ट्रेडल बंद करून त्याला तेल द्यायला लागले. माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मी रडवेली होऊन आईकडे गेले. आई भाकरी थापत होती. ती हसली आणि म्हणाली, “अगं, हरखलेत ते. म्हणून बोलेनात.” मुलीला दहावी पास झालेलं पाहून बापाला काय होतं, ते त्या एका क्रियापदानं मला सांगितलं. तिनं ‘अण्णांना अत्यंत आनंद झाला आहे’ असं म्हटलं असतं तर मी म्हणाले असते, मग बोलत का नाहीत?

आईच्या तोंडी आणखी एक शब्द असायचा, हर्षवायू. चांगली बातमी एकदम सांगू नये, हळूहळू सांगावी, नाहीतर माणसाला हर्षवायू व्हायचा. फार सुखानं वात बिघडतो, माणूस हसत सुटतो किंवा भ्रमिष्टासारखं करतो, अशी समजूत. वैद्यकात त्याला किती जागा आहे हा वेगळा प्रश्न. पण भाषेनं सुखालाही एक धोक्याची पातळी ठरवून दिली होती आणि तिला नाव ठेवलं होतं. सुख अंगावर येऊ शकतं, माणसाला खाली पाडू शकतं, हे जिला माहीत आहे ती भाषा सुखाला हलकं समजत नाही.

अंगाच्या भाषेत बोलणाऱ्या असल्या गोष्टी मराठीत पुष्कळ आहेत. अंगावर मूठभर मांस चढतं, काळीज सुपाएवढं होतं, ऊर भरून येतो, मनातल्या मनात उकळ्या फुटतात, पाय जमिनीला लागत नाहीत. सूप ज्यानं पाहिलंय त्यालाच सुपाएवढं काळीज कळणार, हे खरं. पण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या घरात सूप अजून आहे. तरी पत्रिकेत काळीज येत नाही, ऊर येत नाही. येतं फक्त ‘अत्यानंद’, ज्याला अंगच नाही.

हर्ष हा मूळ शब्दही आपण अंगापासून तोडला. तो आता तीन ठिकाणी भेटतो. एक म्हणजे ‘सहर्ष’. नाटकाच्या जाहिरातीत ‘सहर्ष सादर करीत आहे’, संस्थेच्या पत्रात ‘सहर्ष स्वीकार करावा’. तिथं तो लिफाफ्यावरच्या गोंदासारखा आहे, कुणी बघत नाही. दुसरं ठिकाण नावांचं. हर्षद, हर्षदा, हर्षवर्धन. हर्षल हे नाव ठेवणारे पुष्कळ जण त्यालाही हर्षावरूनच आलेलं समजतात. पंचांगातला हर्षल ग्रह मात्र 1781 मध्ये तो शोधणाऱ्या विल्यम हर्शल यांच्या नावावरून आला, आणि मराठी कानानं त्यात हर्ष ऐकला. पंचांगातच चौदाव्या योगाचं नाव हर्षण आहे. मुहूर्ताची ओळ तपासताना ते मला भेटतं आणि बरं वाटतं. तिसरं ठिकाण खेळाचं पान. ‘रोमहर्षक सामना’ म्हणताना आपण अजूनही अंगावरच्या केसांची गोष्ट बोलतो, पण ते आता कुणाच्या ध्यानात येत नाही.

ही पोकळी भरून काढायला तरुण पोरं काय करतात, ते मी काउंटरवर बसून ऐकते. “कार्ड भयंकर भारी झालंय.” “डिझाइन भयानक आवडलं.” “खतरनाक!” पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही. मला वाटतं, ही पोरं काहीतरी शोधतायत. आनंद, छान, मस्त हे शब्द त्यांच्या हातात आले तेव्हा गुळगुळीत झालेले होते. सुखातला तो काटा सांगायला त्यांना शब्द मिळाला नाही, म्हणून ती भयाच्या खणात हात घालतात. हृष् धातूचा रस्ता ती पुन्हा चालतायत, फक्त उलट दिशेनं. त्यांच्या हातात कुणी ‘हरखलो’ ठेवलाच नाही. आम्ही ठेवला नाही.

वर्तमानपत्रांनाही एक विनंती आहे. दरवर्षी मार्चमध्ये, 20 तारखेच्या आसपास, बातमी येते ‘जगातील सर्वांत आनंदी देश फिनलंड’. 2018 पासून फिनलंड सतत पहिला आहे. मग आपला देश कितवा यावर चर्चा होते. त्या अहवालाचा मुख्य प्रश्न काय आहे? एक शिडी डोळ्यांसमोर आणा, खाली शून्य, वर दहा. तुमच्या दृष्टीनं सगळ्यात चांगलं आयुष्य दहाव्या पायरीवर आहे, तर तुम्ही आज कितव्या पायरीवर उभे आहात? हा प्रश्न आनंदाचा नाही, समाधानाचा आहे. मराठीत समाधान हा भरभक्कम, घरोघरी चालणारा शब्द आहे. ‘सर्वांत समाधानी देश’ असं लिहिलं तर बातमी खरी होईल आणि वाचकाच्या डोक्यातला गोंधळही जाईल. समाधान मोजता येतं, विचारता येतं, पायरीवर उभं करता येतं. हर्ष कसा मोजणार? प्रश्नावलीवाला दारात येईल तेव्हा तो घरात असेलच असं नाही.

सुखाच्या या जाती वेगळ्या आहेत आणि आपल्या भाषेनं त्यांना वेगळी नावं दिली होती. आल्हाद हा थंडावा देणारा, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसा. उल्हास आतून उसळणारा. मोद गोड, म्हणून तर मोदक. मौज हा शब्द अरबीतून आला, तिकडे त्याचा अर्थ लाट. गहिवरात दुःखाचाही वाटा असतो. आणि हरीख म्हणजे काटा. एवढी भांडी फळीवर असताना आपण सगळं एकाच पातेल्यात शिजवतो आणि मग चव एकसारखी लागते म्हणतो.

माझ्यासमोर रोज माणसं त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसांचा मजकूर घेऊन येतात. अकरा वर्षांनी मूल झालेलं जोडपं येतं. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात राबून स्वतःचं घर बांधलेला माणूस येतो. त्यांच्या डोळ्यांत, हातांत, आवाजात काय चाललंय ते मला दिसतं. बारशाचं कार्ड घ्यायला आलेल्या त्या बापाचा आवाज ‘कन्यारत्न’ हा शब्द सांगताना चिरकला होता. आणि कागदावर उतरतं ते त्याच ठरलेल्या ओळीत, जी परवा सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत होती. कारण त्यांना वाटतं, छापायचं तर आपले शब्द चालणार नाहीत. आपले शब्द घरातले, चुलीपुढचे. छापायचे शब्द वेगळे, ते छापणाऱ्याकडे असतात. हा समज पसरवण्यात आम्हा छापखानेवाल्यांचा मोठा हात आहे, आणि शाळेतल्या निबंधाचा त्याहून मोठा. ‘आनंद गगनात मावेना’ हे वाक्य किती पिढ्यांच्या वह्यांत लिहिलं गेलं असेल. ज्या मुलानं ते लिहिलं त्याला त्या दिवशी नक्की काय झालं होतं, हे त्याला विचारायला हवं होतं.

काही जण म्हणतील, निमंत्रणाच्या भाषेला एक रीत असते, ती पाळावी. मलाही रीत आवडते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हे अण्णांनी हजारो वेळा जुळवलं आणि ते काढायला मी कधी सांगणार नाही. पण रीतसुद्धा बदलत आली आहे. जुन्या पत्रिकांमध्ये ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ असं सरळ छापलेलं असायचं. अण्णांच्या नमुन्याच्या वहीत तशी पत्रिका चिकटवलेली आहे. ते गेलं आणि ‘शुभविवाह’ आलं, कुणाचं काही अडलं नाही. मग ‘अत्यानंद’ जाऊन त्या जागी घरातला एक खरा शब्द आला तर काय बिघडेल?

गेल्या लग्नसराईपासून मी एक बदल केला आहे. जुनी फाइल उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारते, “बातमी कळली तेव्हा घरात कोण काय म्हणालं?” बहुतेक जण लाजतात, “काय नाही हो, नेहमीचंच टाका” म्हणतात. पण काही जण सांगतात. ओगलेवाडीच्या एका बाईंच्या नातवाच्या बारशाच्या कार्डावर पहिली ओळ आहे, ‘आमच्या घरी बाळ आलं, आम्ही सगळे हरखून गेलोय’. ओळ त्यांच्याच तोंडची. कार्ड घेऊन गेल्यावर चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आणखी पन्नास प्रती पाहिजेत, लोक मागून नेतायत.

ते आजोबा आता नाहीत. त्यांच्या पत्रिकेची एक प्रत माझ्याकडे आहे, ‘अत्यानंद’ लिहिलेली. ती परत दुरुस्त करता येणार नाही. तुमची येईल. पत्रिका छापायला याल तेव्हा, माझ्याकडे या किंवा तुमच्या गावातल्या कुणाकडेही जा, घरात जो शब्द निघाला तोच घेऊन या. तो अडाणी आहे का याची काळजी करू नका. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघून घेऊ.